दोनशे तीन बुधवार

माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करायला लावते. पेशंट म्हणाली की शेजारणीनं माझ्या डाळीत विष कालवलंय, तर "हो" म्हणायचं नाही आणि "छे, काहीतरीच काय" असंही म्हणायचं नाही. म्हणायचं, "मला तसं दिसत नाही, पण तुम्हाला तसं वाटतंय हे मला कळतंय." चेहरा शांत, आवाज खालचा, हात खिशाबाहेर. बावीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. एकदा नवऱ्यालाही म्हटलं होतं. त्यानं पुढे आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

मी अवातिफ. अलेक्झांड्रियातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात बायकांच्या तीन नंबर वॉर्डाची मुख्य नर्स. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. वॉर्डात चौतीस खाटा, खिडक्यांना जाळ्या, आणि समुद्राचा वारा सुटला की सगळ्या खोल्यांना खारट वास. डॉक्टर लोक येतात, दोन-तीन वर्षं राहतात, आखाताचा व्हिसा मिळाला की जातात. आम्ही नर्सा मात्र तिथेच. म्हणून वॉर्ड खरं तर आमच्या नोंदवहीवर चालतो. नव्या डॉक्टरला पेशंटची ओळख करून देते ती माझी वही.

दोन गोष्टींचा मला गर्व होता. पहिली म्हणजे माझ्या नोंदी: स्वच्छ अक्षर, तारीख, वेळ, कुठे खाडाखोड नाही. दुसरी म्हणजे सुया. आमच्याकडे शिवणाची खोली आहे. तिथे बारा सुया आहेत, कुलुपात असतात. मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, रोज सही करायची. मनोरुग्णांच्या वॉर्डात हरवलेली सुई म्हणजे काय, ते ज्यानं एकदा शोधलंय त्यालाच कळतं. माझ्या बावीस वर्षांत एकही सुई हरवली नाही.

त्या शिवणखोलीची राणी म्हणजे सित्त दौलत; सित्त म्हणजे आमच्याकडे बाई. वय एकोणसाठ. पूर्वी लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या एका दुकानात मुख्य शिवणारीण होती. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या चहाच्या दुकानातला रेडिओ तिच्या अंगाची मापं सगळ्या गल्लीला वाचून दाखवायला लागला. छाती एवढी, कंबर एवढी. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या बाईला हे किती लागलं असेल. तिनं कात्री घेऊन दुकानात घुसून रेडिओची वायर कापली, आणि मग तिला आमच्याकडे आणलं. स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी दीड-दोन वर्षांत रेडिओ गप्प झाला. तेव्हापासून ती वॉर्डातल्या उशांचे अभ्रे शिवायची, पडदे शिवायची, आणि नर्सांच्या मुलींच्या लग्नाचे झगेही, हे मोठ्या डॉक्टरांना सांगू नका.

अलीकडे तिचे हात थरथरायला लागले होते. गोळ्यांचाच तो परिणाम. टाके अजून सरळ यायचे, कारण टाका हाताच्या सवयीनं पडतो, पण सुईच्या नाकात दोरा काही जायचा नाही. तो मी ओवून द्यायचे, रोज सकाळी. मुख्य नर्स असून एवढं करते, याचं मला मनातून बरं वाटायचं.

रेडिओ गेला होता, तर ती घरी का नव्हती? एक तर न्यायला कोणी नव्हतं. आणि दुसरं म्हणजे बुधवार.

दर बुधवारी दहा वाजता मी पलीकडच्या टोकाच्या औषधभांडारात आठवड्याची औषधं आणायला जायचे. साडेअकराला परत यायचे. सित्त दौलत शिवणखोलीतून मान वर करून साध्या आवाजात सांगायची, "मोठे डॉक्टर येऊन गेले. कप दाखवायला."

"कसला कप?"

"कॉफीचा. तळाशी गाळ राहतो ना, त्यात मी बघते. त्यांना खुर्ची हवी आहे. मंत्रालयातली."

मोठे डॉक्टर म्हणजे आमचे संचालक, डॉ. मम्दूह. सहा फुटी, चंदेरी केसांचे, टेलिव्हिजनवर अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे. परिषदेत त्यांचं भाषण संपलं की पहिली टाळी त्यांचीच असायची. तो माणूस आमच्या वॉर्डात स्टुलावर बसून कप दाखवतो म्हणे. मी चेहरा शांत ठेवून, आवाज खाली आणून म्हणायचे, "मला तसं दिसत नाही, सित्त दौलत, पण तुम्हाला तसं वाटतंय हे मला कळतंय."

"बरं," ती म्हणायची, आणि शिवायला लागायची.

मग मी लिहायचे: "संचालक आपल्याकडे भविष्य विचारायला येतात असं पेशंट अजूनही सांगते. भ्रम कायम." चार वर्षं, दर बुधवारी. ते वाचून डॉक्टर डोस वाढवायचे. दोनदा वाढवला.

आणि मी नुसती लिहून थांबले नाही. मी चांगली नर्स आहे, मी उपायही शिकवला. म्हटलं, "शंका आली की बघायचं, मागे काही राहिलंय का. भास मागे काही ठेवून जात नाही, सित्त दौलत. खरा माणूस ठेवून जातो." तिनं हे मनापासून ऐकलं. पुढच्या बुधवारपासून ती मला टॉफीचा सोनेरी कागद दाखवायला लागली. "हा मागे राहिला," म्हणायची. मी लिहिलं: "कागद गोळा करते आणि त्यांना अर्थ चिकटवते." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मुलींना नमुना म्हणून शिकवायचे.

मार्चमध्ये एक बाई आली. दौलतची भाची, रबाब. दमनहूर गावात तिनं शिवणाचं छोटं दुकान टाकलं होतं, मागे घर. पहिल्याच भेटीत तिनं सगळं उघडं सांगितलं.

"मिस, मावशीनं मला शिवण शिकवलं. लग्नही तिनंच शिवलेल्या कपड्यांत झालं. माझ्याकडे एक खोली आहे. पण माझी सासू गावी एकटी असते, आणि नवरा म्हणतो, खोली रिकामी ठेवायची तर आईला आणू. मी म्हटलं, एकदा समिती होऊ दे. एवढं त्यानं ऐकलंय."

"समिती दोन आठवड्यांनी आहे. नाही सोडलं तर पुढची सहा महिन्यांनी."

"सहा महिने सासू थांबणार नाही, मिस. आणि एकदा आली की उठणार नाही. तुम्ही तिला ओळखत नाही."

पेशंटला घरी सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीत तिघं: मोठे डॉक्टर, वॉर्डाचे तरुण डॉक्टर बासिम, आणि वही घेऊन मी. डॉ. बासिमना मी विचारलं. ते म्हणाले, "भास नाहीत, झोप चांगली, काम करते. माझी हरकत नाही. पण मिस, तुमच्याच वहीत दर बुधवारी भ्रम आहे. तो असेपर्यंत मोठे डॉक्टर सही कशी करतील?"

खरं होतं. मला सित्त दौलतचाच राग आला. सगळं चांगलं चाललंय, एवढा एक हट्ट कशाला धरून बसायचा?

आता शाहीनाजबद्दल सांगायला हवं. वय चोवीस, मनगटांवर जुन्या ब्लेडच्या रेघा, वर्षातून तीनदा आमच्याकडे. तिचा आजार भासांचा नाही, स्वभावाच्या जडणघडणीचा आहे. सोमवारी मी तिची आई असते, देवानं पाठवलेली. मंगळवारी मी तिला पाणी द्यायला पाच मिनिटं उशीर करते आणि चेटकीण होते. अशा पेशंटशी सगळ्यांनी एकच बोलायचं, एकच नियम ठेवायचा, नाहीतर ती एका नर्सला दुसरीविरुद्ध उभी करते आणि आठवड्याभरात नर्साच एकमेकींशी भांडायला लागतात. यावर मी तासभर बोलू शकते, बोललेही आहे, चहा-बिस्किटांसकट.

तर ही शाहीनाज व्हरांड्यात मला म्हणाली, "मिस, म्हातारी खरं बोलते. तो लंबू येतो बुधवारी. तुमच्या औषधाच्या गाडीचं चाक कुरकुरतं ना, ते ऐकलं की पळतो."

"शाहीनाज, मोठ्या डॉक्टरांबद्दल असं बोलायचं नाही."

"मी कशाबद्दल बोलायचं ते पण तुम्हीच लिहून द्या मग."

मी लिहिलं: "कर्मचाऱ्यांत फूट पाडण्याचा प्रयत्न. संचालकांविषयी बनाव." दोन बायका, दोन वेगळे आजार, दोघी एकच गोष्ट सांगत होत्या, आणि मला त्यात फक्त दोन आजार दिसले. इतकं शिक्षण झालं की माणसाला असंच दिसायला लागतं.

समितीच्या आधीच्या बुधवारी मी गाडी ढकलत भांडारापाशी गेले, तर दारावर कागद चिकटवलेला: मोजणी चालू आहे, उद्या या. उद्या पुन्हा ढकलायला नको म्हणून गाडी तिथेच भिंतीला लावली आणि मोकळ्या हातांनी परत आले. त्यामुळे कुरकुर झाली नाही.

शिवणखोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत डॉ. मम्दूह लहान मुलाच्या स्टुलावर बसले होते, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. मांडीवर बशी आणि तिच्यावर रुमाल, तपासायला नमुना नेतात तसा. सित्त दौलत कप खिडकीच्या उजेडात फिरवत होती. कप तिच्या हातात थरथरत होता.

"खुर्ची आहे," ती म्हणत होती. "पण पाठमोरी."

"पाठमोरी म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडे बघत नाही."

"कधी वळेल?" आमच्या संचालकांनी विचारलं. आवाज इतका हळू, इतका बिचारा, की घटकाभर मला त्यांची दया आली. घटकाभरच.

मला बघून ते उठले. सहा फूट उठायला जरा वेळ लागला. "मिस अवातिफ," ते म्हणाले, "पेशंटच्या विश्वात शिरल्याशिवाय तिच्याशी नातं जोडता येत नाही."

"बरोबर आहे, डॉक्टर. वहीत तसं लिहू?"

"लिहिण्याची गरज नाही. काही गोष्टी उपचाराच्या असतात, काही नोंदीच्या."

रुमालाखाली कप झाकून ते निघून गेले. शिवणयंत्रावर सोनेरी कागदातली एक टॉफी मागे राहिली.

मला वाटलं, आता ती म्हणेल, बघितलंत? पण सित्त दौलतनं एवढंच विचारलं, "भांडार बंद होतं का?"

मी बाहेर आले आणि नजातला धरलं. नजात माझ्या हाताखालची जुनी नर्स, बुधवारी वॉर्ड तिच्याकडे असतो. "तुला माहीत होतं?"

ती खाली बघायला लागली. "सगळ्यांनाच माहीत आहे, मिस."

"किती वर्षं?"

"ते उपसंचालक होते तेव्हापासून. एकदा राउंडला कप हातात घेऊन आले होते, सित्त दौलतनं सहज आत बघितलं आणि म्हणाली, खुर्ची येतेय. तीन महिन्यांत जुन्या साहेबांची बदली झाली आणि हे खुर्चीत बसले. तेव्हापासून बुधवार लागला."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही स्वतःच्या हातानं लिहीत होतात, भ्रम कायम. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही साहेबांना सांभाळून घेताय. आम्ही म्हटलं, मिस केवढ्या हुशार आहेत."

बावीस वर्षांत माझी याहून मोठी स्तुती कोणी केली नव्हती. मी औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला लाज वाटत होती. दुसरा शब्द नाही.

पण लाज बाजूला ठेवून हिशेब सोपा होता. मोठे डॉक्टर स्वतःच्या तोंडानं कबूल करणार नाहीत. पुराव्यादाखल मी एकटी, आणि माझ्याविरुद्ध माझीच दोनशे पानं. रबाबची खोली मात्र रविवारपर्यंतच रिकामी. म्हणून गुरुवारी सकाळी सुई ओवता ओवता मी म्हटलं, "सित्त दौलत, रविवारी तुम्हाला विचारतील, मोठे डॉक्टर येतात का. तुम्ही म्हणा, नाही, कोणी येत नाही. एवढं एकच. की चाललात दमनहूरला."

तिनं काम खाली ठेवलं.

"पण ते येतात. तुम्हीच काल बघितलं."

"बघितलं. तरी म्हणा."

"पोरी, अकरा वर्षं मी या गोळ्या कशासाठी खाल्ल्या? आहे ते आहे आणि नाही ते नाही, एवढं कळावं म्हणून. रेडिओ माझी मापं सांगत नव्हता, हे मी शिकले. फार जड गेलं, कारण मी ती माझ्या कानांनी ऐकली होती. आणि आता जो माणूस या स्टुलावर बसतो, तो बसत नाही म्हणू? त्याला खोटं म्हटलं तर रेडिओ पुन्हा खरा होईल. मग मी कुठे जाऊ?"

मी सुई पुन्हा उजेडाकडे धरली.

"दोनदा तर मीच डॉक्टरांना म्हटलं, गोळी वाढवा," ती म्हणाली, तक्रार म्हणून नाही, आठवलं म्हणून. "तुम्ही इतक्या शांतपणे सांगायचात, मला तसं दिसत नाही. मला वाटायचं, मिस खोटं कशाला बोलतील. माझंच काहीतरी उरलं असेल."

डोस वाढवला होता तो डॉक्टरांनी. नोंद होती माझी. आणि मागणी तिची होती, माझ्यावर विश्वास ठेवून. माझ्या हातात सुई होती आणि दोरा होता. तीनदा प्रयत्न केला, मला तो ओवता आला नाही.

आमच्या धंद्यात चुकलेली नोंद फाडायची नसते, खोडरबरानं पुसायची नसते, पांढरी शाईही लावायची नसते. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहायचं, चुकीची नोंद, खरं काय ते, तारीख आणि सही. हा नियमही मीच मुलींना शिकवते. स्वतःसाठी तो मला कधी लागला नव्हता. वहीची पानं पेशंटच्या फाइलीत लावलेली असतात आणि फाइल घरी न्यायला मनाई, म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी वॉर्डात जाऊन बसले. नवऱ्याला सांगितलं, काम आहे. तो म्हणाला, मला तसं दिसत नाही. त्याचंही बरोबर होतं.

पट्टी घेतली आणि पहिल्या बुधवारपासून सुरुवात केली. एक रेघ. "चुकीची नोंद. पेशंट खरं बोलत होती. अवातिफ." पान उलट. एक रेघ. चाळीसएक झाल्यावर बोटं दुखायला लागली. शनिवारी दुपारी संपलं तेव्हा मोजले: दोनशे तीन. कागद गोळा करण्याबद्दलच्या त्या सुंदर वाक्यावरही मी रेघ मारली. ती मारताना जिवावर आलं, हे कबूल करते.

मग शाहीनाजची फाइल काढली, तिच्यातल्या नोंदीवर रेघ मारली आणि पान तिला दाखवलं. तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "म्हणजे मी खरं बोलले होते, असं इथे कायमचं लिहिलं?"

"कायमचं."

मला वाटलं, आता मी आई होणार. पण ती नुसती खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस कोणावर रागावली नाही. रागवायचं कशावरून, हेच तिला सुचत नव्हतं.

रविवारी समिती बसली. टेबलावर मोठ्या डॉक्टरांची कॉफी, डॉ. बासिमचा छापील नमुना, माझ्यापुढे फाइल. बाहेर बाकावर रबाब, मांडीवर घट्ट पिशवी धरून. सित्त दौलत आत आली. केस नीट बांधलेले, स्वतः शिवलेला निळा झगा, आणि हातात कापडी थैली.

डॉ. बासिमनी नमुन्यातले प्रश्न विचारले. रेडिओ? नाही. मनातले विचार कोणी वाचतं? नाही. गोळ्या घरी घ्याल? घेईन. मग नमुना बाजूला ठेवून ते म्हणाले, "आणि... संचालक तुमच्याकडे कप दाखवायला येतात, असं अजून वाटतं का?"

सित्त दौलतनं मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. रागानं नाही. नवऱ्या मुलीला पोशाख बसतो की नाही हे बघावं तसं, नीट. मग थैली उघडून टेबलावर उपडी केली. सोनेरी कागदांचा ढीग झाला. प्रत्येक कागद सरळ करून, चौकोनी घडी घालून ठेवलेला.

"मिसनी शिकवलं होतं," ती म्हणाली. "खरा माणूस मागे काहीतरी ठेवून जातो."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा शांत होता. आवाज त्यांनी खाली आणला, हात टेबलावर ठेवले. "मला तसं दिसत नाही, सित्त दौलत," ते म्हणाले, "पण तुम्हाला तसं वाटतंय हे मला कळतंय."

माझंच वाक्य. स्वराच्या चढउतारासकट. बावीस वर्षं मी ते दुसऱ्यांना ऐकवत आले होते, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या बाजूला बसले. फार गोड वाक्य आहे, आणि त्यात कुठेच दार नाही.

डॉ. बासिम त्या ढिगाकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या कोटाच्या खिशात हात घातला आणि एक टॉफी बाहेर काढली. सोनेरी कागद. सकाळी संचालकांच्या खोलीत गेल्यावर मिळालेली, जी सगळ्यांनाच मिळते. त्यांनी ती ढिगाशेजारी ठेवली, आणि आपण हे काय केलं अशा चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघायला लागले. बिचाऱ्याचा व्हिसा अजून यायचा होता.

मी फाइल उघडून मोठ्या डॉक्टरांपुढे सरकवली. त्यांनी एक पान उलटलं, मग दुसरं. मग दहा-वीस एकदम.

"हे काय आहे?"

"दुरुस्त्या, डॉक्टर. दोनशे तीन. नियमाप्रमाणे एक रेघ, वाचता येईल अशी."

"ही पानं नवीन कागदावर स्वच्छ लिहून काढा."

"नियमात बसत नाही, डॉक्टर."

त्यांनी फाइल मिटली. "पेशंटला सोडलं, तर फाइल कुठे जाते?"

"तळघरात. कुलुपात."

"आणि नाही सोडलं, तर?"

"वर्षअखेरीच्या तपासणीला कैरोला जाते. मंत्रालयात."

मंत्रालय हा शब्द उच्चारताना मी चेहरा शांत ठेवला, हात खिशाबाहेर. मोठ्या डॉक्टरांनी पेन काढलं. डिस्चार्जच्या कागदावर कारणाच्या रकान्यात त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं: "उपचारांनी भ्रम पूर्ण बरा झाला." सही केली आणि कागद सित्त दौलतपुढे ठेवला.

तिनं तो सावकाश वाचला. "कोणाचा?" तिनं विचारलं.

डॉ. बासिमनी घाईघाईनं पुढचा कागद काढला आणि गोळ्यांचा डोस निम्म्यावर आणला. "हाताची थरथर थांबेल," ते म्हणाले, "बहुतेक. दोन-तीन महिने लागतील. थांबेलच असं नाही."

दुपारी ती सामान बांधत होती. अकरा वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. रबाब बाहेर टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत होती. टॉफीचे कागद सित्त दौलतनं कचऱ्यात टाकले, आता लागणार नाहीत म्हणाली. मी दारात उभी होते. मला माफी मागायची होती. चार दिवस मी ती मनात घोळवत होते, आणि तोंडातून निघालं, "काही हवंय का, सित्त दौलत?"

तिनं विचार केला.

"रबाबच्या दुकानात गर्दी असते म्हणे. सारखं तिला कोण सांगणार, दोरा ओव म्हणून? तुम्ही थोड्या सुया ओवून द्याल?"

मी शिवणखोलीत गेले आणि कपाटाचं कुलूप काढलं. खिडकीशी बसून एकेक सुई ओवायला घेतली. पांढरा, काळा, निळा, तिला आवडतो तो डाळिंबी. लांब लांब दोरे घेतले, पुरावेत म्हणून. रोज सकाळी मी हेच करायचे आणि त्याला उपकार समजायचे. ज्या हातानं तिचा हात थरथरता केला, त्याच हातानं दोरा ओवून द्यायचा आणि वर स्वतःची पाठ थोपटायची, हे मी चार वर्षं केलं होतं. शेवटच्या तीन सुयांना मला फार वेळ लागला, कारण डोळ्यांपुढे सुईचं नाक नीट दिसत नव्हतं.

फडक्यात सगळ्या ओळीनं टोचून मी तिला दिल्या. तिनं मोजल्या. बारा.

"सगळ्याच दिल्यात, मिस. संध्याकाळी मोजणी कशी करणार?"

"करीन मी."

तिनं माझ्या गालाला हात लावला. हात थरथरतच होता. मग ती गेली, आणि मागे वळून पाहिलं नाही, ते बरंच झालं.

संध्याकाळी मी सुयांची वही उघडली. तारीख घातली, वेळ घातली. लिहिलं: सुया दिल्या, बारा. परत आल्या, शून्य. खाली सही केली.